पेत्राच्या बायकोनं दार उघडलं

टीचरनं फळ्यावर लिहिलं, 'पेत्र घरी आला. बायकोनं दार उघडलं.' मग खडू खाली ठेवून हात झटकले आणि म्हणाली, "पुढचं तुम्ही."

"कुठला पेत्र, टीचर?" मन्यानं विचारलं. त्याचं खरं नाव इम्मानुएल, पण ते फक्त हजेरीपुरतं.

"आपल्या मंडळीत किती पेत्र आहेत?"

"तीन. एक तर आमचा मामाच आहे. तो घरी आला की मामी दार उघडतच नाही."

वर्ग खिदळला. टीचरही हसली. ती लहानच होती, पंचविशीची. नगरहून नवीन आलेली. आडनाव घाटविसावे, पण एवढं लांब कोण म्हणणार? सगळे टीचरच म्हणायचे.

"येशूचा शिष्य. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचा पेत्र," ती म्हणाली. "अंगणात शेकत बसला होता. तीन वेळा म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला. शास्त्रात पुढं लिहिलंय, तो बाहेर जाऊन रडला. पण रडून झाल्यावर माणूस कुठं जातो? घरीच ना? पेत्राला बायको होती. सासूही होती, तापानं पडली होती तीच. तर दार उघडल्यावर काय झालं? अर्धा तास. नाव कोणी घालायचं नाही."

मी शेवटच्या बाकावर होते. वय त्रेपन्न, शाळेची शिपाईण, हातात शिसपेन्सिल. पुढच्या बाकांवर आठवी ते दहावीची अठरा मुलं. फळ्यावरची ओळ मी मनात एक एक अक्षर लावून वाचली, मग परत पहिल्यापासून वाचली.

या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. टीचरचा तो शनिवारचा वर्ग मला अजून जसाच्या तसा आठवतो. शाळा सुटली की मिशनच्या जुन्या वाचनालयात बाकं लावायची. तिथं मुलं लिहायची ते निवडून टीचर वर्षाचं हस्तलिखित करायची. ती फळ्यावर एखादी अर्धी गोष्ट लिहून सोडून द्यायची. नाताळच्या आधी महिनाभर नुसता बेथलेहेमच चालला होता. 'सरायवाल्याची बायको दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर काय म्हणाली?' यावर एका पोरीनं लिहिलं होतं, "अगं बाई, आमच्या गोठ्यात बाळंतीण, आणि ह्यांनी मला उठवलंसुद्धा नाही. घरात डिंक होता, खारीक होती, दोन लाडू तरी वळले असते." 'बाळ येशूला भेटी आणणाऱ्या मागी लोकांचा उंट काय म्हणाला?' यावर मन्यानं लिहिलं, "सोनं त्यांचं, ऊद त्यांचा, नाव त्यांचं, आणि पाठीला फोड माझ्या." टीचर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती.

लिहून झालं की कागदाची घडी करायची आणि दुरडीत टाकायची. मग प्रत्येकानं दुरडीतून दुसऱ्या कोणाचा तरी कागद उचलायचा आणि उभं राहून मोठ्यानं वाचायचा. कोणाचा ते विचारायचं नाही. टीचर म्हणायची, "आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की कळतं, खरं काय लिहिलंय आणि शोभेसाठी काय."

मी त्या वर्गात कशी? माझे मालक वारल्यावर शाळेनं मला शिपाईण म्हणून घेतलं. टीचर आली त्या पहिल्याच महिन्यात मी एक नोटीस नववीऐवजी सहावीत दिली. तिनं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "रिबकाबाई, चष्मा हवाय की अक्षरं हवीत?" त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत दार लावून तिनं मला शिकवलं. आठ महिने. मी अडखळत वाचायला लागले तसं म्हणाली, "आता मुलांबरोबर लिहायला बसा. नुसतं वाचून अक्षर टिकत नाही." मंडळीत मी सांगितलं, मुलांवर लक्ष ठेवायला बसते. कारण मला अक्षर येत नव्हतं हे मंडळीत कोणाला ठाऊकच नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं मी दर रविवारी गायनाचं पुस्तक उघडून हातात धरत होते. शेजारणीचं पान उलटलं की माझंही उलटायचं. गीतं सगळी पाठ होती. कोणाला संशय येणार?

त्या शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी आणखी एक गोष्ट झाली होती. मी बाकं पुसत होते, तर शुलमिथ एकटीच लवकर आली. शुलमिथ म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी. आमची घरं एका भिंतीची. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे दीर, माझी जाऊ सुवार्ता आणि ही. पण अकरा वर्षं सुवार्ता माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती आणि पोरीलाही ताकीद होती. वर्गात पोर माझ्यापुढच्या बाकावर बसायची, पण मागं वळून बघायची नाही.

ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मोठ्याई."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. चार वर्षांची असताना म्हणायची, तसंच म्हणाली.

"काय गं?"

"गुरुवारी माझं दृढीकरण आहे."

मला ठाऊकच होतं. येशूच्या वधस्तंभाच्या शुक्रवारचा आदला तो गुरुवार, शेवटच्या भोजनाचा. आमच्यात पोर पंधराची झाली की मंडळीसमोर उभी राहते आणि आपला विश्वास आपल्या तोंडानं कबूल करते. मग तिला पहिल्यांदा प्रभुभोजन मिळतं. कठड्यापाशी गुडघे टेकायचे, भाकरीचा तुकडा घ्यायचा, द्राक्षारसाचा पेला घ्यायचा. पहिल्या वेळी आई किंवा बाप शेजारी गुडघे टेकतो. त्या वर्षी दिराला कारखान्यातून रजा मिळणार नव्हती. आणि सुवार्तेनं तर अकरा वर्षांत देवळाची पायरी चढली नव्हती.

"आई येत नाही म्हणते," शुलू म्हणाली. "पाळकसाहेब येऊन गेले. आजी सांगून गेली. ती म्हणते, ज्या मेजावर खोटं बसतं तिथं मी बसणार नाही. मोठ्याई, बाकी सगळ्यांच्या शेजारी कोणीतरी असणार."

"मी काय करू? ती माझं तोंड बघत नाही."

"तुमच्यात झालं काय होतं? कोणीच नीट सांगत नाही. काढ्याची बाटली म्हणतात आणि हसतात. मी आईला विचारलं. ती म्हणते, तुझ्या मोठ्याईला विचार, तिला ठाऊक आहे."

मी बाक पुसायला लागले. आधीच पुसलेला बाक.

"जुनी गोष्ट आहे बाळा. मी नाही आठवत बसत."

ती वळली. मग आपल्या जागेवर जाऊन बसली, पाठ करून.

आणि त्यावर अर्ध्या तासानं टीचरनं फळ्यावर पेत्राला घरी आणलं.

अर्धा तास कसा गेला मला कळलं नाही. मी पहिल्यांदा दोनच ओळी लिहिल्या, भाकरीच्या. मग पेन्सिल पुढं जायला लागली. कागद भरला तशी मी मागच्या बाजूला लिहिलं. एवढं लांब मी जन्मात लिहिलं नव्हतं. बोटं दुखली.

टीचर दुरडी घेऊन फिरली. माझ्याजवळ आली तेव्हा माझा कागद माझ्या मुठीत होता. तो चोळीत खोचता आला असता. आज काही सुचलं नाही म्हटलं असतं तरी ती काही म्हणाली नसती. शुलूची वेणी माझ्यासमोर होती, लाल रिबिनीची. मी कागद दुरडीत टाकला, आणि हात घालून तळाशी ढकलला.

वाचन सुरू झालं. एकाच्या कागदात पेत्राची बायको त्याला झाडूनं मारते. एकीच्या कागदात ती नुसती चूल फुंकत राहते. मन्याच्या हाताला एक कागद आला, त्यात पेत्राच्या सासूनं अख्खं पान बोलून घेतलं होतं, तो म्हणाला, "हे नक्की कोणाच्या तरी घरचं आहे." मग शुलू उठली. तिनं दुरडीत हात घातला आणि घडी उघडली. माझी अक्षरं पाटीवरची असतात तशी, मोठी मोठी, एकेक सुटं. लांबूनच ओळखू येत होती.

ती वाचायला लागली. तो कागद माझ्याकडे अजून आहे, म्हणून होता तसाच उतरवते.

"पेत्र घरी आला. बायकोनं दार उघडलं. पेत्र आत आला नाही. उंबऱ्यात बसला. बायको म्हणाली भाकरी खाता का. पेत्र म्हणाला नको. बायको म्हणाली कोंबडा कधीचा आरवला, तुम्ही होता कुठं. पेत्र म्हणाला शेकत होतो. बायको म्हणाली येशूला धरलं म्हणतात, तुम्ही त्याच्याबरोबर होता ना. पेत्र म्हणाला मी त्याला ओळखत नाही. बायको म्हणाली अहो मी शिपाई नाही, मी घरची. तेव्हा पेत्र रडला. म्हणाला मला भीती वाटली. बायको म्हणाली मारतील म्हणून का. पेत्र म्हणाला नाही, हसतील म्हणून. बायको म्हणाली तुम्हाला कोण हसणार. पेत्र म्हणाला सगळे हसले असते, कारण फडताळात दोन बाटल्या होत्या."

"आयला, पेत्राकडे बाटल्या!" मन्या ओरडला. "म्हणून ओळखेना कोणाला!"

सगळा वर्ग बाकं बडवून हसला. टीचरनं हात वर केला. शुलूही हसत होती. हसतच तिनं पुढं वाचलं.

"दोन्ही बाटल्या सारख्या. दवाखान्याच्या तांबड्या. दोन्हीवर चिठ्ठ्या. एक चिठ्ठी लहान, एक मोठी. धाकटी पोरीला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. जाताना म्हणाली, जाऊबाई, प्रभुभोजनाची बाटली तेवढी देवळात पोचवा, चिठ्ठी लावलीय." इथं शुलूचा आवाज बारीक झाला. "मला चिठ्ठी वाचता येईना. मी म्हटलं, प्रभूचं नाव मोठंच लिहिलं असणार. मोठी चिठ्ठी होती ती बाटली मी नेली."

कोणी हसलं नाही. मुलांना काही कळलं नव्हतं, पण वाचणारीचा चेहरा बघून गप्प झाली.

अजून तीन ओळी होत्या. शुलूनं त्या डोळ्यांनी वाचल्या. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग ती वळली. तिथं नियम होता, कोणाचा कागद ते विचारायचं नाही. तिनं नियम मोडला नाही. ती फक्त म्हणाली, "टीचर, हा कागद मी घरी नेऊ?"

"कागद हस्तलिखितासाठी असतात, शुलमिथ. ज्याचा आहे त्याची हरकत नसेल तर…" टीचर बोलता बोलता थांबली. तिला माझं अक्षर ठाऊक नसेल तर कोणाला?

मी बाकाला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "ने."

मंडळीला या गोष्टीचं जे रूप ठाऊक होतं, ते असं. आमच्या देवळात प्रभुभोजनाला विकतचा द्राक्षारस कधी नसायचा. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळून, कुस्करून, धुतल्या फडक्यातून गाळायच्या. ते काम सुवार्तेचं. तिच्या हाताला चव होती आणि चौथी शिकलेली म्हणून चिठ्ठ्या लावून, तारीख घालून ठेवायची. अकरा वर्षांपूर्वी अशाच गुरुवारी पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागून पेले वाटले, आणि पहिल्या रांगेतले लाजरसमामा पाटोळे खोकत उठले. दुसऱ्या रांगेत एकीला ठसका लागला. किराईताचा काढा होता तो, तापावरचा. कडूजहर. भरल्या मंडळीत प्रभूच्या मेजावर काढा! लहान मुलं हसायला लागली, म्हातारी माणसं रडायला लागली. भोजन बंद करावं लागलं.

पंचांनी तिथंच, सगळ्यांसमोर सुवार्तेला उभं केलं. ती म्हणाली, "मी रस करून ठेवला होता. बाटली जाऊबाईंनी आणली." मग मला विचारलं, "रिबकाबाई, बाटली तुम्ही आणली?"

मी 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. चिठ्ठीवर 'शुलमिथचा काढा, दिवसातून तीन वेळा' असं ठळक लिहिलं होतं. वाचलं नाही का? माझ्या हातात गायनाचं पुस्तक होतं. उघडलेलं.

मी म्हटलं, "मी हात लावला नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं.

घरची थोरली मी, माझा शब्द खरा धरला. सुवार्तेनं स्वतःची चूक थोरल्या जावेवर ढकलली असं ठरलं. रस करायचं काम तिच्याकडून काढलं. ती चपला न घालताच देवळातून निघून गेली, तापातल्या पोरीला कडेवर घेऊन. आणि मी त्यानंतर अकरा वर्षं दर प्रभुभोजनाला पहिल्या पाचांत कठड्यापाशी जात होते. मागं राहिले असते तर लोकांनी विचारलं असतं.

त्या शनिवारी दिवेलागणीच्या वेळी मी भिंतीला टेकून बसले होते. पलीकडे भाकरी थापायचा आवाज येत होता. मग शुलूचा आवाज आला, शाळेतल्यासारखा, वाचायचा. भाकरीचा आवाज थांबला. वाचून झालं.

मग सुवार्ता म्हणाली, "परत वाच."

शुलूनं परत वाचलं. या वेळी शेवटच्या तीन ओळींसकट, मोठ्यानं. त्या ओळी अशा होत्या. "बाटली मी नेली. धाकटी खरं बोलत होती. तेव्हापासून पेला तोंडाला लावला की मला काढाच लागतो."

परत भाकरी थापायला सुरुवात झाली. एवढंच.

झावळ्यांचा रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी परसात आम्ही दोघी समोरासमोर आलो, तिच्या हातात धुणं, माझ्या हातात कळशी. ती बाजूला झाली, मी पुढं गेले. रोजच्यासारखं. मला वाटलं होतं, शिवी तरी देईल. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवारी शाळेत शुलू माझ्याकडे आली आणि घडी केलेला कागद पुढं केला.

"आईनं परत दिलाय. म्हणाली, कागद त्यांचा आहे, त्यांच्याजवळ राहू दे."

"आणखी काही म्हणाली?"

शुलूनं खाली बघितलं. "म्हणाली, मुलांच्या वर्गातलं मुलांच्या वर्गातच राहतं. मला भरल्या मंडळीत उभं केलं होतं."

"आणि गुरुवारचं?"

"मी म्हटलं, आत नको येऊ, दारापर्यंत तरी ये. बघते म्हणाली."

दुपारी मी टीचरकडे गेले. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, छान लिहिलंय, किंवा म्हणेल, धीर धरा. ती म्हणाली, "मला नका विचारू, रिबकाबाई. पण वाचायचंच असेल तर आत्ता बसा आणि दहा वेळा वाचा. लोकांसमोर अक्षरं पळतात."

मी दहा नाही, वीस वेळा वाचलं. तरी 'फडताळात' या शब्दाला अडखळत होते.

गुरुवारी संध्याकाळी देऊळ भरलं होतं. दृढीकरणाची सात मुलं पहिल्या बाकावर, पांढऱ्या कपड्यांत. शुलूच्या डोक्यावर पांढरी ओढणी होती, सुवार्तेच्या लग्नातली, मी ओळखली. बाकी मुलांच्या मागं आईबाप बसले होते. शुलूच्या मागची जागा रिकामी होती. दाराकडे मला बघवेना. तिथं चपलांचा ढीग होता आणि अंधारत आलं होतं.

मुलांनी विश्वास कबूल केला. शुलूचा आवाज खणखणीत होता. मग पाळकसाहेब मेजामागं उभे राहिले आणि दर वेळी म्हणतात ते म्हणाले, "या मेजाकडे येण्याआधी, कोणाच्या मनात कोणाविरुद्ध काही असेल, किंवा कोणी कोणाचा अपराध केला असेल, तर त्यानं समेट करावा." सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिथं मान खाली घालून वीसपर्यंत मोजायचं असतं. मग साहेब पुढं जातात. आजवर कोणी उठलं नव्हतं.

मी उठले.

बाक करकरला. साहेबांनी डोळे उघडले. "रिबकाबाई? बरं वाटत नाही का?"

"मला वाचायचंय," मी म्हटलं.

"वचन वाचून झालंय, बाई."

"वचन नाही. माझं आहे."

त्यांनी पंचांकडे बघितलं. पंचांनी एकमेकांकडे बघितलं. मी तोवर घडी उघडली होती. कागद बाकाच्या पाठीवर टेकवला आणि बोट ठेवून वाचायला लागले. पेत्र घरी आला. बायकोनं दार उघडलं. पहिल्या ओळींना लोकांना वाटलं, मुलांच्या कार्यक्रमातलं काही असेल. बाटल्यांपाशी मन्या हसला नाही. 'फडताळात' मी अडखळले, परत मागं गेले, परत वाचलं. तेव्हा माझ्या शेजारची एलिसाबाई माझ्याकडे बघायला लागली. बोट बघून तिला कळलं असणार.

शेवटच्या ओळी वाचल्या. मग कागदात नव्हतं ते बोलले. "हे पुस्तक मी पस्तीस वर्षं हातात धरलं. मला त्यातलं अक्षर येत नव्हतं. तुम्ही हसाल म्हणून मी सुवार्तेला खोटी पाडली. पंचांनी मला दोनदा विचारलं होतं. आता विचारा."

कोणी विचारलं नाही. मग पुढच्या बाकावरून लाजरसमामा उठले. ऐंशीचे होते, काठी टेकत वळले. त्या वर्षीच्या पंचांतले ते एकटेच राहिले होते.

"रिबका," ते म्हणाले, "त्या काढ्यानं माझा खोकला गेला होता. सहा महिने होता." कोणीतरी हुंदका आवरावा तसं हसलं. मामा हसले नाहीत. "पण आम्ही त्या पोरीला चपला घालायचंही भान राहू दिलं नाही. तू एकटी नाहीस. आम्ही विचारायला बसलो होतो, ऐकायला नव्हतो बसलो." आणि ते दाराकडे तोंड करून म्हणाले, "सुवार्ते, असशील तिथं तर ऐक. मंडळी चुकली."

काही माना दाराकडे वळल्या.

साहेबांनी मुलांना पुढं बोलावलं. मुलं कठड्यापाशी गेली, आईबाप त्यांच्या शेजारी गेले. शुलू एका टोकाला एकटी गुडघ्यावर बसली. तिच्या उजवीकडे जागा होती. तिनं ती जागा ओढणीचा पदर सावरून मोकळी ठेवली होती.

मी खाली बसले. उठायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. अकरा वर्षं जायचं नव्हतं तेव्हा गेले. आता निदान एकदा जागेवर बसायला हवं होतं. डोळे मिटून घेतले.

पावलं आली. अनवाणी. मधल्या वाटेनं, घाई न करता. माझ्या बाकापाशी थांबली.

"उठा की, जाऊबाई."

मी वर बघितलं. सुवार्ता उभी होती. केस पांढरे झाले होते. अकरा वर्षं भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकत होते, पण इतक्या जवळून तिच्याकडे मी बघितलंच नव्हतं.

"तू जा," मी म्हटलं. "मी नाही यायची. माझा हक्क नाही."

"हक्क तुमचा तुम्ही बघा. आता नाटकं नकोत, सगळं गाव बघतंय. पोरगी एकटी गुडघ्यावर बसलीय तिकडं." आणि मग खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं, "मेल्यावर उठणार का?"

नवी नवरी होऊन ती या घरात आली, तेव्हा अशीच बोलायची. मी उठले. गुडघे धरले होते. तिनं आधार दिला नाही, पण मी चालायला लागेपर्यंत थांबली.

कठड्यापाशी आम्ही पोचलो. शुलूनं मान वर केली, आईला बघितलं, मला बघितलं, आणि परत मान खाली घातली. खांदे हलत होते तिचे. सुवार्ता तिच्या उजवीकडे बसली नाही. तिनं मला तिकडं हातानं दाखवलं आणि स्वतः वळसा घालून डावीकडे गेली. तिकडच्या आईला थोडं सरकायला लावलं आणि गुडघे टेकले. आमच्या दोघींच्या मध्ये शुलू राहिली. तेवढं अंतर सुवार्तेला अजून लागत होतं. मला ते बरोबर वाटलं.

साहेब पेला घेऊन आले. रांग माझ्या बाजूनं सुरू व्हायची होती. मी हात पुढं केले नाहीत, डोळ्यांनीच पलीकडे दाखवलं. त्यांना समजलं. ते माझ्यासमोरून गेले, शुलूसमोरून गेले, आणि पेला आधी सुवार्तेला दिला.